कानातले खडे

चक्कर येणाऱ्या बाईचे किस्से फार जमतात. ती एकटी गरगरत असते, बाकी सगळे शुद्धीवर राहून बघत असतात!

पहिल्यांदा झालं ते रविवारी दुपारी, छकुलीला पाजायला कुशीवर वळले तेव्हा. सगळी खोली गर्रकन फिरली. मी किंचाळले, ‘‘अहो, पलंग धरा!’’ हे दचकून उठले, दोन्ही हातांनी पलंग घट्ट धरला आणि म्हणाले, ‘‘धरला. आता?’’

*

त्यात उलट्या! शेजारच्या कौसाबाई ओटीत चिंचा घेऊन हजर. ‘‘काऊन वं सूनबाई, इतक्या लवकर?’’ छकुलीला अजून दातसुद्धा नव्हते. मी मॅट्रिक पास बाई. तरी गुपचूप बोटं मोजलीच!

*

चक्करेपेक्षा धास्ती छकुलीची. हातातून पडली तर? मी तिला उभ्याने घेणंच सोडलं. ती हात पसरून रडायची, मी भिंतीला टेकून.

शेवटी बुलढाण्याचे डॉक्टर गाठले. त्यांनी माझं डोकं टेबलाच्या कडेवरून खाली सोडलं, वळवलं, मग मला कुशीवर लोळवलं. म्हणाले, ‘‘कानातले बारीक खडे जागचे सरकलेत. असं हलवून परत जागेवर न्यायचे. घरीही करा.’’

सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, ‘‘म्हंजे पाखडनंच की, डाक्टरसाहेब!’’

*

घरी हे मला जपून डावीकडे पाडायचे, उठवायचे, उजवीकडे पाडायचे. सासूबाई चुलीपासून ओरडायच्या, ‘‘अबे, जोरानं पाखड ना! असे काय खडे निंघतात?’’

*

एकदा न्हाऊन केस मोकळे सोडून बसले होते. पलंगाच्या काठावर माझं पडणं-उठणं चालू. कौसाबाईंनी दारातून पाहिलं. ‘‘अगं माय, अंगात आलं!’’ म्हणत पळाल्या, त्या कुंकू-नारळ घेऊनच परतल्या.

तोवर माझा व्यायाम संपला होता. आणि काहीच फिरत नव्हतं! मी धीर करून छकुलीला उचललं, उभी राहिले. कौसाबाई पायांवर आडव्या. ‘‘माय, चिखलीच्या दोघा भावांतल्या थोरल्याचं मांगनं आलं. देऊ का माही पोरगी?’’

माझं लक्ष कुठे होतं! खात्री करावी म्हणून मी डोकं डावी-उजवीकडे हलवलं. घर जागच्या जागी! मग वर-खाली हलवलं. तरी जागच्या जागी! छकुली कडेवर खिदळत होती.

कौसाबाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांनी खाडकन नारळ फोडला.

‘‘समजलं माय! थोरला नाही, धाकटा!’’