मालकाचा उजवा हात

स्टुडिओत त्याला सगळे ‘उजवा’ म्हणतात. गुंडांच्या टोळीवरची एक परदेशी मालिका आपल्या भाषेत दाखवली जाते. तिच्यातला टोळीप्रमुख म्हणजे मालक, आणि त्याच्या उजव्या हाताला गेली सहा वर्षं याचा आवाज आहे. पडद्यावरचा माणूस दाराच्या चौकटीएवढा. हा अंगाने किरकोळ, साठीकडे झुकलेला, उन्हातही गळ्याला मफलर गुंडाळून फिरणारा. गळा एवढीच आपली इस्टेट, असं तो सांगतो.

काम एका आवाजबंद खोलीत चालतं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट मुलगी बसते. हेडफोनमध्ये तीनदा टिक वाजतं. चौथ्या टिकच्या जागी शांतता असते, तिथे बोलायचं. पडद्यावरचे ओठ उघडले की आपले उघडायचे, मिटले की मिटायचे. माइकसमोर एका वेळी एकच माणूस, कारण दोघं उभे राहिले तर एकाचा आवाज दुसऱ्याच्या ट्रॅकवर जातो आणि मग वेगळा काढता येत नाही. मालकाला आवाज देणारा सकाळी येऊन आपली वाक्यं बोलून जातो. उजवा दुपारी येतो आणि हेडफोनमधल्या त्या वाक्यांना उत्तरं देतो. दोघांनी मिळून माणसं संपवली, गोदामं जाळली, मालकाच्या आईला खांदा दिला. एकमेकांचं तोंड मात्र कधी पाहिलं नव्हतं.

उजवा राहतो सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या एका खोलीत. लग्न केलं नाही. का, ते आता कोणी विचारतही नाही. खोलीत दोन खुर्च्या आहेत. एकीवर तो बसतो, दुसरीवर इस्त्रीचे कपडे असतात. ज्या संध्याकाळी मालिका लागते, त्या संध्याकाळी तो जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसतो. सगळी वाक्यं पाठ असतात, तरी बसतो. धाकटी बहीण दुसऱ्या गावाहून फोन करते आणि टोमणे मारते, की दादा, त्या मालकाशी बोलतोस त्याच्या निम्मं तरी माझ्याशी बोलत जा. एकदा तिने विचारलं, या मारामाऱ्यांत लोकांना एवढं काय दिसतं.

“मारामाऱ्या कोण बघतंय,” तो म्हणाला. “त्यांचं जेवणाचं टेबल बघ. एखादा आला नाही तर खुर्ची रिकामी दिसते. लगेच गाडी काढून शोधायला जातात. सापडला की मारतात, ते सोड. पण शोधतात.”

या वर्षीच्या भागांचे संवाद आले तेव्हा त्यात उजव्याचं मरण होतं. मालकाला त्याच्यावर फितुरीचा संशय येतो आणि तो त्याला स्वतःच्या हाताने संपवतो. पोटापाण्याची चिंता नव्हती. लहान मुलांच्या एका मालिकेत तो अस्वलाचा आवाज देतो, आणि ते अस्वल अमर आहे. पण कानातला तो आवाज आता बंद होणार होता. संपायच्या आत त्या माणसाला एकदा भेटायचं, असं त्याने ठरवलं. रेकॉर्डिस्टला विचारलं तेव्हा कळलं, की त्यालाही स्टुडिओत सगळे मालकच म्हणतात, त्याचं औषधाचं दुकान आहे आणि ते उघडायच्या आधी तो इथे येतो.

उजवा सकाळी गेला. मालक म्हणजे चष्मा लावलेला, टक्कल पडलेला, शर्टाच्या खिशात दोन पेनं असलेला गृहस्थ. ओळख झाली. दोघं खालच्या टपरीवर चहाला गेले आणि तिथे पंचाईत झाली. मालकाने म्हटलं, बरीच वर्षं झाली आपल्याला. उजवा थांबला. त्याला सवय टिकटिक ऐकून बोलायची. इथे टिकटिक नव्हती. तो बोलणार तोवर मालकाला वाटलं, याला काही बोलायचं नाही, म्हणून त्याने मान खाली घातली. मग उजव्याने दुकान कुठे आहे ते विचारलं, तेव्हा मालक थांबला. दोघंही समोरच्याच्या ओठांकडे बघत होते. चहावाल्याला वाटलं असेल, यांचं भांडण झालंय. चहा संपला, आणि सहा वर्षांत ठरवलेलं उजव्याचं एकही वाक्य बोलून झालं नव्हतं.

जिना चढताना मालक म्हणाला, “आजच करू या का तो प्रसंग? दोघं मिळून?”

रेकॉर्डिस्टने नियम सांगितला. ट्रॅक खराब होतील, वरचे लोक मला बोलतील, काका. मग तिनेच तोडगा काढला: आधी मालकाचं बोलणं संपवायचं, त्याने बाहेर यायचं, मग उजव्याने मरायचं. तोवर उजवा कोपऱ्यात गप्प उभा राहील.

मालक माइकसमोर गेला. पडद्यावर रिकामं गोदाम होतं. तीन टिक वाजले आणि तो शेवटचं वाक्य बोलला: “दुसऱ्या कोणाच्या हाती दिलं नाही तुला. स्वतः आलो.” सहा वर्षं हेडफोनमधून आलेला तो आवाज या वेळी चार हातांवरून आला.

तिने खूण केली. उजवा पुढे झाला. पण दार उघडलं की करकरतं आणि पडदा तर चालू झाला होता, म्हणून मालक होता तिथेच थांबला. उजवा मेला. गुडघे टेकल्याचा हुंकार, घशातली घरघर, मग काही नाही. त्या काही नाहीमध्ये कोणीतरी श्वास घेतला, लांब आणि तुटका.

“काका, मालकांचा श्वास आलाय,” ती म्हणाली. “परत घ्यावं लागेल.”

“राहू दे,” उजवा म्हणाला.

तिने दृश्य पुन्हा लावलं. पडद्यावरचा मालक प्रेताशेजारी बसलेला होता, कॅमेऱ्याकडे पाठ करून. श्वास बरोबर बसत होता. तिने तो ठेवला. दुकान उघडायची वेळ झाली होती; मालकाने घड्याळ पाहिलं, येतो म्हणाला आणि गेला. फोन नंबर द्यायचं दोघांनाही सुचलं नाही.

तो भाग लागला त्या संध्याकाळी उजवा ताट घेऊन बसला. आपलं मरण त्याने व्यवस्थित पाहिलं. मग त्याच्या खोलीत दुसऱ्या माणसाचा श्वास ऐकू आला, आणि जाहिराती सुरू झाल्या.

फोन वाजला. बहीण होती.

“मेलास एकदाचा,” ती म्हणाली. “चांगला मेलास हो. पण दादा, शेवटी श्वास कोण घेत होतं?”

“मालक.”

“म्हणजे भेटला तो?”

“भेटला.”

“कसा आहे?”

उजवा नेहमीसारखा थांबला. तीही थांबली, तिला आता सवय झाली आहे.

“माझ्यासारखाच,” तो म्हणाला. “कमी बोलतो.”