घरात वेगळी खोली आहे का?

दर महिन्याला आरोग्य केंद्रात आम्हा आशा सेविकांची बैठक असते. साहेब आल्याशिवाय चहा येत नाही आणि साहेब काही वेळेवर येत नाहीत. त्या मधल्या वेळात किस्से निघतात. बाळंतपणाचे, पोलिओच्या डोसाचे, नसबंदीचं नाव काढल्यावर उसात जाऊन बसलेल्या नवऱ्यांचे. ते सांगून सांगून झिजतात, मग विसरले जातात. कोरोनाचे मात्र झिजत नाहीत, नुसते साठत जातात. सांगायला लागलं की आधी हसू येतं. मग कुणीतरी पदर सारखा करतं आणि खिडकीबाहेर बघत बसतं.

आमचं गाव तासगाव तालुक्यातलं, द्राक्षाचं. गावात आशा दोघी. एक मी, दुसरी सुनंदा. आम्हाला प्रशिक्षणात एक प्रश्न शिकवला होता. माणूस पॉझिटिव्ह आला की त्याच्या घरी जाऊन विचारायचं, "घरात वेगळी खोली आहे का?" असेल तर त्याला घरीच ठेवायचं, नसेल तर तालुक्याच्या सेंटरला पाठवायचं. प्रश्न सोपा वाटला होता.

दुसऱ्या लाटेत मी तो एकाच दिवशी दोन घरी विचारला. एक घर आबांचं. आबा म्हणजे रिटायर सुभेदार, मोठे बागायतदार. दुसरं घर पांडूदादांचं. ते आबांच्याच बागेत कामाला. एप्रिलच्या छाटणीत दोघं एका ओळीत काम करत होते, एकाच कळशीतलं पाणी पीत होते. ताप दोघांना एकदमच आला. दोघंही उठून पुन्हा बागेत दिसावेत, एवढंच माझ्या मनात होतं.

*

आबांच्या बंगल्यात माणसं दोन आणि खोल्या मोजायच्या राहिलेल्या. मुलगा-सून पुण्याला. आबा वरच्या मजल्यावर गेले, काकी खाली राहिल्या. जेवण जिन्यात ठेवायचं, बोलणं मोबाईलवर.

मी अंगणातून विचारलं, "आबा, करमतंय का?"

आबा गॅलरीत आले. म्हणाले, "लय बरं चाललंय. लगीन झाल्यापासनं पहिल्यांदाच हिचं बोलणं बटण दाबून बंद करता येतंय."

खालून काकी म्हणाल्या, "आवं, मीबी तेच बटण दाबतीया. तुमास्नी वाटतंय तुमीच दाबताय."

*

तिथून मी वस्तीवर पांडूदादांकडे गेले. एक खोली, वर पत्रा. घरात ते, त्यांची बायको हौसाक्का, म्हातारी आई आणि कोपऱ्यात चूल.

मी दारातून विचारलं, "हौसाक्का, घरात वेगळी खोली आहे का?"

ती म्हणाली, "हाय की. एक ही आतली, आन एक ती भायेरची." तिनं आभाळाकडं हात केला. "भायेरची लय मोठी हाय. पर तिला पत्रा न्हाई."

मी सेंटरला फोन लावला. तिथं जागा नव्हती. "झाली की कळवतो, तोवर वेगळं ठेवा," म्हणाले. मग पांडूदादांची बाज शेळ्यांच्या छपरात टाकली.

दुसऱ्या दिवशी म्हातारीनं मला हाक मारली. "आशाताई, शेळी खोकतीया. तिचीबी टेस्ट करा."

मी म्हटलं, "आजी, शेळीला होत नाही तो."

"झाला तर? तिला कुठं ठेवू? तिची खोली तर तुमी ह्याला दिली."

*

त्या दिवसांत आम्ही गल्लीत शिरलो की दारं लागायची. ताप सांगितला की उचलून नेतात, आणि नेलेलं माणूस प्लॅस्टिकमध्ये परत येतं, अशी भीती. ज्याला त्याला ऊन लागलेलं असायचं. पांडूदादासुद्धा आधी ऊन लागलंय असं म्हणतच काम करत राहिले. हौसाक्का रोज तळपायाला कांद्याचा रस चोळायची. काम बुडवणं त्यांना जमणारं नव्हतं.

एकदा एका घरातून पोरीचा आवाज स्वच्छ ऐकू आला. "आयं, आशा आली. दार लाव."

सुनंदा तिथंच पायरीवर बसली आणि हसत सुटली. म्हणाली, "मंगल, आपलं 'आशा' नाव ठेवणाऱ्याला एकदा ह्या गल्लीत आणायला पायजे."

हसली खरी, पण उठताना तिनं डोळे पुसले.

*

सुनंदाचं माहेर माण तालुक्यातलं. तिचा भाऊ मुंबईत हमाली करायचा. पहिल्या लॉकडाऊनला तो कसाबसा गावी पोचला, तर गावानं वेशीवरूनच त्याला शाळेत नेऊन कोंडलं. मुंबईत दहा जणांत एक खोली होती, त्यामुळे पहिल्या रात्री तो हातपाय पसरून झोपला म्हणे. आई रोज कुंपणाबाहेर भाकरी ठेवून लांब उभी राहायची.

सुनंदानं फोनवर विचारलं, "कसा हाईस रं?"

तो म्हणाला, "चौथीच्या वर्गात हाय. नापास झालो म्हणून ह्याच वर्गातनं पळालो हुतो. आता पास झाल्याबिगर सोडत न्हाईत."

*

बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मशीन आम्हा दोघींत मिळून एक होतं. आबांचं त्यांचं स्वतःचं होतं, मुलानं पुण्याहून पाठवलेलं. ते वरून आकडा सांगायचे आणि काकी तो मुलाला फोनवर कळवायच्या, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसा. "आत्ता सत्त्याण्णव. चहा घेतल्यावर अठ्ठ्याण्णव."

पांडूदादांच्या बोटाला मी मशीन लावलं तर नुसत्या रेघा. कात्री चालवून चालवून बोटं लाकडासारखी झालेली. हे बोट बघ, ते बोट बघ, काहीच येईना.

ते म्हणाले, "ताई, आकडा ऱ्हाऊ द्या. मी हाय का न्हाई, तेवढं तरी सांगतंय का ते?"

शेवटी करंगळीवर आकडा आला. तो मला आवडला नाही. मी तिथूनच पुन्हा सेंटरला फोन लावला. उत्तर तेच, जागा नाही.

*

फोनचीही एक गंमत होती. तेव्हा कुणालाही फोन लावला की आधी खोकल्याचा आवाज यायचा आणि मग सूचना. मी स्पीकर चालू केला होता. म्हातारी कान देऊन ऐकत होती.

म्हणाली, "ह्यो कोण खोकतुया?"

मी म्हटलं, "आजी, ती रेकॉर्ड आहे. सगळ्यांना ऐकू येते."

"मग बरोबर हाय," ती म्हणाली. "त्याला आदी नेलं आसंल. म्हणून आमच्या पांडबाला जागा न्हाई."

*

आबांना दम लागला नव्हता, तेव्हाच त्यांच्या मुलानं ओळखीनं मिरजेत बेड ठरवला. गाडी दारात आली. आबा मास्क खाली करून मला म्हणाले, "पांड्याचंबी बघा." मी मान हलवली. आमच्या हातात फोन होता, बेड नव्हता.

दोन दिवसांनी पांडूदादांना बोलताना धाप लागायला लागली. रुग्णवाहिका एक आणि तिच्या वाट्याला चार गावं. ती येईपर्यंत आम्ही त्यांना छपरातून काढून बाहेर लिंबाखाली आणलं. दुपारची वेळ, पानसुद्धा हलत नव्हतं. सुनंदा रस्त्यावर उभी राहून मिळेल ती गाडी थांबवायला बघत होती. पेशंट म्हटलं की गाडीवाले काच वर करायचे.

पांडूदादा सारखे म्हणत होते, "वारं घाल. वारं घाल गं." हौसाक्का द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा घेऊन वारा घालत होती. हात दुखला की हात बदलायची. एकीकडं बोलत होती, "जरा दम काढा. मिरजेला नळीतनं वारं देत्यात. गार आस्तं म्हणं, लय गार. नाकात सोडलं की मानूस झोपतंय निवांत. आत्ता गाडी यील."

ते म्हणाले, "खरं?"

"खरं तर. मी कवा खोटं बोलले?"

गाडी आली. पण मिरज यायच्या आधीच, वाटेतच ते गेले.

आबा बरे होऊन आले. हिंडण्याफिरण्याची परवानगी मिळाल्यावर पहिल्यांदा ते वस्तीवर गेले. मी बरोबर होते. एरवी बांधावरून हाक मारणारा माणूस, पण त्या दिवशी दारात चप्पल काढून हौसाक्कासमोर जमिनीवरच बसला. मिशी पांढरी झालेली. म्हातारी भिंतीकडं तोंड करून पडली होती.

हौसाक्काच आधी म्हणाली, "आबा, एक इचारू?"

"इचार की."

"तुमास्नी नळी लावलीवती न्हवं? त्यातलं वारं गार आस्तं का वं?"

आबा खाली बघतच म्हणाले, "व्हय गं. गार आस्तं."

"लय गार?"

"लय गार."

हौसाक्कानं मान हलवली. चुलीपुढं जाऊन चहाचं आधण ठेवलं आणि म्हातारीकडं वळून म्हणाली, "आत्ती, ऐकलं का? म्हंजे ह्यास्नी मी खोटं न्हाई सांगितलं."