परत आलेला इसार

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा यांची बदली नांदेडहून तिथल्या कलेक्टर कचेरीत झाली. हे कारकून होते. मी नायगावच्या बालवाडीतली नोकरी सोडून यांच्यामागं आले, आणि पहिली दोन वर्षं आम्ही औसा रोडजवळ पत्र्याच्या एका खोलीत काढली. सलग दोन हंगाम पाऊस झाला नव्हता. टँकर एक दिवसाआड यायचा. मालकिणीनं पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं, की घरच्यांचं भरून झाल्यावर भाडेकरूंनी घागर लावायची. आमची पाळी येईपर्यंत बहुतेक वेळा टँकरवाला पाइप गुंडाळत असायचा.

स्वतःचं घर घ्यायचं ते या पाण्यापायी ठरलं. सरकारी नोकराला घरासाठी खात्याकडून कर्ज मिळायचं. ते फिटेपर्यंत घर सरकारकडं गहाण. हे म्हणायचे, "गहाण असलं तरी घागर तर आपली राहील."

आधी आमचे आम्हीच फिरलो. घर आवडायचं, भावाचं बोलणं सुरू व्हायचं, आणि मग घरमालक विचारायचा, "तुमी कोण?" आमचं आडनाव असं, की त्यावरून काही कळत नाही. हे गाव सांगायचे, खातं सांगायचे. "तसं न्हाई हो. तुमी कोण?" मग सांगावं लागायचं, बौद्ध. त्यानंतर कुणाचा भाऊ विकू देत नसायचा, कुणाला एकाएकी सोलापूरचं गिऱ्हाईक आलेलं असायचं. चौथ्या घरानंतर परतताना हे म्हणाले, "आता विचारल्याबिगर सांगायचं न्हाई. आणि विचारलं तरी आधी इसार घेऊ द्यायचा."

मग आम्ही दलाल धरला. जिल्हा झाल्यापासून गावात दलालांचं पीक आलं होतं. हा आधी मोंढ्यात एका अडत्याकडं चिठ्ठ्या लिहायचा. पांढरा पायजमा, जुनी सायकल, आणि बोलणं असं मऊ की राग आला तरी काढता येऊ नये. त्यानं आम्हाला काही विचारलंच नाही. मला तेव्हा त्याचं बरं वाटलं होतं.

त्यानं दाखवलेलं घर जुन्या वस्तीत होतं. तीन खोल्या, शहाबादी फरशी, आणि मागच्या अंगणात आड. दलालानं पोहरा सोडला. चैत्राचे दिवस होते, तरी पाणी लागल्याचा आवाज आला. मी वाकून बघत राहिले. हे मागून पदर धरून उभे.

घरमालक पोस्टातून निवृत्त झालेले म्हातारे. बायको गेलेली, मुलं सोलापूरला. त्यांनीही आम्हाला काही विचारलं नाही. त्यांनी सांगितलेला भाव मात्र त्या गल्लीतल्या कुठल्याही घरापेक्षा चढा होता. यांनी कमी करून मागितलं. दलाल दोनदा इकडून तिकडं गेला, आणि जेमतेम उतरून भाव ठरला. आम्ही म्हटलं, आडाची किंमत आहे. स्टॅम्पावर इसारपावती झाली आणि खरेदीखताला तीन महिन्यांची मुदत पडली.

ती मुदत कागदांनी खाल्ली. घराचं मूळ खत निजामाच्या काळातलं, सगळं उर्दूत. कर्जाच्या टेबलावरचा माणूस म्हणाला, मराठी करून आणा. औशाला एक म्हातारे मुन्शी होते, त्यांना मोतीबिंदू झालेला. हे तीन रविवार त्यांच्याकडं गेले. मुन्शी एकेक ओळ डोळ्यांजवळ धरून वाचायचे आणि हे लिहून घ्यायचे. मग त्या घरावर कुणाचा बोजा नाही म्हणून सरकारी वकिलाचा दाखला. मग फाइल औरंगाबादला गेली, एक सही राहिली म्हणून परत आली, पुन्हा गेली. मुदतीचे पंधरा दिवस उरले तेव्हा यांनी घरमालकाकडं महिनाभर वाढवून मागितली.

"रविवारी तुमच्याकडंच येतो," ते म्हणाले. "बसून बोलू."

माझी सासू तेव्हा नायगावहून आलेली होती. धर्म घेतला तेव्हा ती नुकती नांदायला आलेली. घरातले देव स्वतः टोपल्यात घालून नदीत सोडून आलेली बाई. तिला अक्षर येत नव्हतं, पण आमच्या खोलीत आली की भिंतीवरच्या दोन तसबिरींना, बुद्धाला आणि बाबासाहेबांना, हात जोडल्याशिवाय ती पाणी प्यायची नाही.

शनिवारी हे मला म्हणाले, "उद्यापुरत्या तसबिरी काढून ठेव."

मी यांच्याकडं बघितलं. यांनी नजर चुकवली. मी दोन्ही तसबिरी काढल्या, जुन्या लुगड्यात गुंडाळल्या आणि ज्वारीच्या डब्यामागं उभ्या करून ठेवल्या. भिंतीवर दोन फिकट चौकोन राहिले. सासू दारात ज्वारी निवडत बसली होती. तिनं बघितलं, आणि सुपातलं निवडणं चालू ठेवलं.

रविवारी घरमालक आणि दलाल आले. मी स्टोव्हला पंप मारत होते, हे त्यांना आणायला कोपऱ्यापर्यंत गेले होते. चहा गाळून मी वळले तेव्हा पाहुणे सतरंजीवर बसलेले, आणि त्यांच्या समोरच्या भिंतीवर दोन्ही तसबिरी. सासूनं नुसत्या लावल्या नव्हत्या, पुसूनही घेतल्या होत्या. यांचा चेहरा राखेसारखा झालेला. घरमालकांनी भिंतीकडं बघितलं, मग बशीत चहा ओतला आणि सगळा प्याले.

"चहा चांगला झाला," ते मला म्हणाले. यांना म्हणाले, "मुदतीचं बघतो. कळवतो."

चार दिवसांनी दलाल एकटाच आला. त्यानं इसाराचे पैसे सतरंजीवर ठेवले. "मालकाचा इचार बदलला, साहेब."

"का?"

दलालानं भिंतीकडं बघितलं. मग म्हणाला, "आता म्या काय सांगू. तुमी शिकलेले हाव. समजून घ्या."

तो गेल्यावर हे आईला म्हणाले, "झालं समाधान?"

"काय केलं म्या?"

"घर घालवलं माझं. एक दिस. एक दिस दम निघाला न्हाई तुला."

"लेकरा, त्यांला डब्याआड ठिवून घेतलेल्या घरात म्या कशी शिरले असते?"

"तुला कोण शिर म्हणलं होतं?"

मी मध्येच म्हणाले, "पण त्यांनी चहा घेतला की. सगळा पिले." हे माझ्यावरच ओरडले, "बाहेर जाऊन चूळ भरली असंल!"  खरं सांगायचं तर मलाही सासूचाच राग आला होता. मला तो आड दिसत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे सासूनं पिशवी भरली. मी तिला स्टँडवर सोडायला गेले. तिथं ती दोनदा म्हणाली, "तुला तरी पटतं का गं?" मी म्हटलं, "बस लागलीय, आत्याबाई, लवकर चला."

कर्ज मंजूर झाल्याचा कागद पुढच्या महिन्यात आला. तो त्या घरासाठीच होता, दुसऱ्या घराला चालत नव्हता. नवा अर्ज, नवी फाइल. शेवटी आम्ही गावाबाहेर, जिथं रस्ता नुसता चुन्याच्या फक्कीनं आखलेला होता, तिथं एक प्लॉट घेतला. कर्जाचा पहिला हप्ता जोत्यात गेला, दुसऱ्यात भिंती झाल्या, तिसरा येईपर्यंत स्लॅबचं सामान महाग झालं म्हणून वर पत्रेच टाकले. बोअर घेतला, तो कोरडा गेला. पाणी टँकरचंच.

हे दर महिन्याला नायगावला मनीऑर्डर करायचे. गेले मात्र नाहीत. दिरांची पत्रं यायची, माय विचारून राहिली, एकदा येऊन जा. हे म्हणायचे, घराचं काम चालू आहे. पुढच्या उन्हाळ्यात सासूला ताप आला आणि चार दिवसांत ती गेली. आम्ही पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. एवढ्या उन्हात ठेवता येत नव्हतं, दीर म्हणाले.

त्यानंतर वर्षभरानं मी औशाच्या स्टँडवर लातूरच्या बसची वाट बघत होते, तर दलाल समोर. आता स्कूटर होती. त्यानंच ओळख दिली. "वैनी, झालं का घर?"

मी म्हटलं, झालं. आणि मग, कशी कोण जाणे, मी म्हणाले, "तुमच्या त्या म्हाताऱ्यानं तसबिरी बघून शब्द फिरवला. आमच्या घरात त्यावरून काय काय झालं, तुम्हाला न्हाई माहीत."

त्याला चटकन आठवेना. "कोणत्या तसबिरी?"

मी सांगितलं. तो हसला, आणि माझा चेहरा बघून थांबला.

"वैनी, तुमी कोण हे मला पहिल्याच दिशी ठावं होतं. कचेरीतल्या शिपायाला इचारलं होतं. मालकालाबी तवाच सांगितलं. त्याला कायबी न्हवतं त्याचं. तो म्हणला, यांला दुसरीकडं कुणी देत न्हाई, मग भाव चढा लाव."

"मग मोडलं का?"

"तुमचं कर्ज येता येईना. त्याच आठवड्यात इरिगेशनचा एक इंजिनियर आला. रोख, एकरकमी, आन तुमच्याहून जास्त. म्हातारा किती दिस थांबणार?"

"मग तुम्ही भिंतीकडं का बघितलं?"

तो किल्ली बोटात फिरवत राहिला. "साहेबांनी का म्हणून इचारलं. दुसऱ्याचा जास्त भाव आला असं सांगितलं असतं तर साहेब भांडले असते, कोर्टात गेले असते. इसारपावती होती त्यांच्याकडं. तसबिरींचं तुमी मनानंच समजून घेतलं, म्या काय बोललो न्हाई." मग म्हणाला, "माझंबी पोट होतं, वैनी."

बस आली. मी चढले. चाकाच्या वरची जागा मिळाली, लातूर येईपर्यंत पाय पोटाशी घेऊन बसले.

यांना सांगायचं की नाही, हे मला आठ दिवस ठरवता आलं नाही. सांगून सासू परत येणार नव्हती, आणि न सांगावं तर तिच्यावरचा आळ तसाच राहत होता. शेवटी एका रविवारी, हे पत्र्याच्या गळक्या खिळ्यांना डांबर लावत असताना, मी खाली उभी राहून सगळं सांगितलं. स्टँड, स्कूटर, शिपाई, इंजिनियर.

हे शिडीवरून उतरले नाहीत. तिथूनच विचारलं, "म्हाताऱ्यानं चहा पिला होता म्हणालीस ना तू?"

"पिला होता. सगळा."

"आन मी तुझ्यावरच ओरडलो."

"मीही आत्याबाईंच्या बाजूनं बोलले न्हाई," मी म्हटलं. "स्टँडवर त्यांनी मला विचारलं होतं. दोनदा."

यांनी उरलेल्या खिळ्यांना डांबर लावलं. मग खाली येऊन रॉकेलनं हात धुतले, कोपरापर्यंत, आणि पुन्हा पुन्हा धुतले. मी पाणी देऊ का म्हणून विचारलं. हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे. प्यायला लागंल."