चिठ्ठ्या फाडणारी मिरची

गप्प बसण्यावर जगात सगळ्यात जास्त आरडाओरडा कुणी केला असेल, तर तो आमच्या दाजींनी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. वारणानगरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आणि आता कोडोलीत जो सापडेल त्याला शिकवतात. विषय एकच, जीन गप्प कसा बसतो. गवळी असो, नाहीतर लग्नाची पत्रिका द्यायला आलेला परका माणूस असो, सुटका नाही. "हे बघा पावणं, जीन म्हंजे घरातला म्हातारा. जाग्यावरनं उठत न्हाय, नुसतं हुकूम सोडतोय. हुकूम चिठ्ठीवर लिहून सैपाकघरात जातोय. वाटंत चिठ्ठी फाडली की झालं! म्हातारा हाय तिथंच हाय, पर त्याचं ऐकतंय कोण?" पत्रिकावाला चहा अर्धा टाकून पळतो.

एकदा आमच्याकडे कसबा बावड्याला आले असताना माझी बायको बुरशी चढलेला पाव कचऱ्यात टाकत होती. "वहिनी, टाकू नगा!" दाजी असे ओरडले की शेजारी बाहेर आले. पावावरची बुरशी केशरी होती आणि दाजींना आनंदाचं भरतं आलं होतं. "असल्याच बुरशीला आणखी गडद करायला रंगाचा जादा जीन घातला, तर पडली की पांढरी! जांभळ्या फुलांचंबी तसंच झालं. एकाच मजकुराची दोन पदरी चिठ्ठी दिसली की पेशीला संशय येतोय. मग तिचं तुकडं करायचं, आणि त्या तुकड्यांशी जुळंल ती हरेक चिठ्ठी हुडकून फाडायची. झाड, बुरशी, किडा, माणूस, सगळ्यांच्या घरात असला फाडणारा हाय!" दाजी जाईपर्यंत तो पाव आमच्या ओट्यावर पाहुण्यासारखा बसून होता.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. पण दाजींच्या आईची एक मिरची होती, बुटकी, सुरकुतलेली आणि रंगाला जबरदस्त. बाजारात तिचं बी मिळत नाही. सासूबाई, म्हणजे अक्काच्या आत्ती, गेल्यावर अक्का दरवर्षी डबीत बी राखायची आणि वर्षाची चटणी त्याच मिरचीची करायची. गेल्या साली दाजींनी डबीतलं सगळं बी परसात लावलं आणि कसलीही फवारणी करू दिली नाही. "विषाणू येऊ दे की. झाड त्याच्या चिठ्ठ्या कसं फाडतंय, मला डोळ्यानं बघायचं हाय."

विषाणू आला. पानं आक्रसली, मुरडली, वाफ्यावर बोकड्या रोग पडला आणि झाडांनी काही फाडलंबिडलं नाही. रोपं एकामागून एक वाळली. एकच झाड उरलं, तेही मुरडलेलं.

"आत्तींची मिरची घालवलीसा तुमी," अक्का म्हणाली आणि तिनं अबोला धरला. ताट वाढायची, पण शब्द नाही. दाजींचा आवाज बसला. गवळी चौकशी करायला लागला, "सर आजारी हाईत का?" दिवसभर दाजी त्या झाडापुढे पाट टाकून बसायचे. मला बघवेना. मी चिडून म्हणालो, "अहो दाजी, उपटून टाका ते आणि अक्काची माफी मागा!"

"थांब की रं जरा," ते म्हणाले. "खालच्या पानांनी वर निरोप धाडला असंल. ते तुकडं शेंड्यापातूर जात्यात. आईचं झाड हाय, इतक्यात हार मानायचं न्हाय."

आणि खरंच, शेंड्याला एक पान आलं, सपाट, हिरवंगार. मग दुसरं. खालची मुरडलेली तशीच राहिली, पण वरती फुलं धरली आणि मिरच्याही लागल्या. अक्का मात्र अजून गप्पच होती.

परवा कोडोलीला गेलो. दाजी मागच्या दाराआड उभे होते. त्यांनी ओठांवर बोट ठेवून मला थांबवलं. दाजींनी! परसात अक्का शेजारच्या भाभींच्या ओंजळीत बी घालत होती. "तुमच्या दारातबी लावा भाभी, एकाच घरात ठिवायला नको. लई शानं झाड हाय. खालच्या पानांनी चोराच्या चिठ्ठ्या फाडल्या आणि तुकडं वर धाडलं, ह्यो आला तर वळखा म्हणून. आमचं सर सांगत्यात न्हवं का, बुरशीतबी तसंच असतंय."

म्हणजे इतकी वर्षं ही बाई भाकऱ्या थापता थापता सगळं ऐकत होती! दाजींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलेलं.

"दाजी, बरोबर सांगतीय का?" मी विचारलं.

दाजींना कुजबुजता येतं, हे मला त्या दिवशी कळलं.

"थोडं चुकतंय," ते म्हणाले. "पर बोलू दे की तिला."