कापलं की तोडलं

बिसेनबाईंच्या खोलीत पाऊल टाकणाऱ्याला एकदा तरी मरावे लागे. हाडांवरचे घाव तपासणे हे त्यांचे काम. पण घाव कसा बसला हे नुसते सांगून त्यांचे समाधान होत नसे. समोरच्याला त्या उभे करीत, लाकडी पट्टी उगारीत आणि अगदी सावकाश त्याच्या मानेपाशी आणीत. माणूस कुठे वळतो, हात कुठे नेतो, हे पाहत. पट्टी टेकली की म्हणत, "मेले तुमी. आता बसा, चहा घ्या." पोलीस खात्यातल्या नोकरीत मी त्यांच्या हातून अनेकदा मेलो.

धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, वाढलेल्या बाई न्यायवैद्यकाच्या डॉक्टर झाल्या, तरी बोली त्यांनी सोडली नव्हती. कवटी उचलण्याआधी तिला विचारीत, "दाखव माय, कुठं लागलं?" आम्ही घाई केली की ठरलेले वाक्य येई: "मारनाऱ्यानं घाई केली म्हनून तर आपन इथं बसून राहिलो. आता तुमी तरी करू नका."

तिथल्या धानपट्ट्यातल्या प्रतापगडाच्या (साताऱ्याचा नव्हे) पायथ्याशी झुडपात एका बाईचा सांगाडा सापडला, तेव्हा तपास माझ्याकडे होता. जोडव्यांवरून ओळख पटली. धान कापणीच्या दिवसांत नाहीशी झालेली पार्बता. नवरा सुकराम दारू पिऊन तिला मारतो, हे सारे गाव जाणत होते. मी पोहोचेपर्यंत लोकांनी त्याला झाडाला बांधून असे झोडपले होते, की त्याचा एक डोळा सुजून मिटला होता. घरात टंगिया, म्हणजे लाकडे फोडायची कुऱ्हाड, मिळाली. ठाण्यात मी विचारले, "टंगियानं कापलंस ना तिला?" मी त्याच सुजल्या बाजूला एक ठेवून दिली. पुन्हा विचारले, तेव्हा तो "हो" म्हणाला. मी साताऱ्याकडचा. त्या प्रश्नात मला काही वावगे वाटले नाही.

हाडे बिसेनबाईंकडे गेली. मला केवळ त्यांचा होकार हवा होता. तो मिळाला की सुकराम जन्माचा आत जाणार होता. बाईंनी मला उभे केले.

"तुमी पार्बता," म्हणाल्या.

पट्टी वर येताच माझा डावा हात आपोआप तोंडापुढे आला. त्यांनी माझ्या हाताच्या करंगळीकडच्या हाडावर बोट ठेवले. पार्बताच्या हाडावर खाचा नेमक्या तिथेच होत्या. बोटांच्या हाडांवरही चरे होते. तिने पाते मुठीत धरले होते, असे त्या म्हणाल्या. मग ती पडली. मग मारणाऱ्याने केस धरून मान मागे ओढली. पट्टी माझ्या गळ्यावरून आडवी फिरली, पुन्हा फिरली, पुन्हा. "एका ओढीत नाही गेली बिचारी."

मी घाईने म्हणालो, की सुकराम कबूल आहे. टंगियानं कापलं म्हणतो.

पट्टी थांबली. "असं तो म्हनला, का तुमी?"

मी ठाण्यातला माझा प्रश्न जसाच्या तसा सांगितला.

"टंगियानं कोनी कापत नाही, साहेब. टंगियानं तोडतेत. कापतेत इळ्यानं. इथलं लेकरूबी हे चुकनार नाही."

त्यांनी मला भिंगाखाली मणका दाखवला. कुऱ्हाड हाड चेचते, कडा फोडते. ही खाच अरुंद होती, आणि तिच्या भिंतीवर फणी ओढल्यासारख्या बारीक समांतर रेषा होत्या. धान कापायच्या दातेरी विळ्याच्या. विळा कोणाचा, असे मी विचारले.

"ते हाडाले मालूम नाही. मंग मले कुठून राहीन? सुकरामनं नाही केलं, असंबी मी म्हनत नाही. टंगिया नाही, एवढंच."

दातेरी विळा घरोघरी असतो. तेव्हा कुठे मी आधीच विचारायला हवे होते ते विचारले: त्या दिवशी पार्बता कोणाचे धान कापत होती? दिराचे. आणि सुकराम दिवसभर दूर कोहमारा गावच्या ढाब्यामागे ट्रकमध्ये पोती भरत होता. पाहणारे पुष्कळ होते. दिराला मी समोर बसवले आणि काहीच विचारले नाही. तो जमिनीकडे पाहत स्वतःच बोलला. बांधावर त्याने तिच्या अंगावर हात टाकला होता. गावाला सांगते म्हणाली. "इळा हातातच होता. कापलं."

बाई न्यायालयात तेवढेच बोलल्या, जेवढे हाडावर होते. दिराला शिक्षा झाली. सुकराम सुटला, पण त्याचा तो डोळा गेला होता.

बाईंना अखेरच्या आजारात भेटलो, तेव्हा त्यांचा उजवा हात लुळा पडला होता. इतकी वर्षे धीर न झालेला प्रश्न मी विचारला: तो डोळा गावाच्या मारानं गेला, की माझ्या?

त्यांनी मला पलंगाजवळ बोलावले. डावा हात सावकाश उचलला आणि माझ्या कानशिलापर्यंत आणला. मी हललो नाही.

"हात वर नाही केला तुमी."

"नाही."

"त्यानं केला होता?"

"त्याला बेडी होती, बाई."

त्यांचा हात माझ्या गालावर तसाच टेकून राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला.

"बसा," म्हणाल्या. "चहा घ्या."

त्याआधीचे 'मेले तुमी' हे दोन शब्द त्या दिवशी त्या बोलल्या नाहीत.