माटोळी मावेल अशी लेन्स

तुयेच्या कारखान्यात नोकरीला लागल्यावर दुसऱ्या वर्षी मी कॅमेरा घेतला. नवा नव्हे. माझ्याच विभागातल्या एका मुलीचं लग्न ठरलं, ती पुण्याला चालली होती, आणि तिला तो बरोबर न्यायचा नव्हता. कॅमेऱ्यासोबत त्याची मूळची किट लेन्स होती. सुरुवातीला मी फक्त आमच्या मागच्या अंगणातले फोटो काढायचे, कारण तिथे कोणी नसायचं. केळीची पानं, वाळत घातलेले कपडे, विहिरीवरचं शेवाळ. माणसांचे फोटो काढायचे म्हणजे माणसांना सांगावं लागतं.

पावसाळा लागला तेव्हा आईने कॅमेरा लेन्ससकट जुन्या सुती लुगड्यात गुंडाळला आणि कपाटात तिच्या लग्नातल्या शालूशेजारी ठेवला, वर डांबरगोळी टाकली. आमच्याकडे मोलाच्या वस्तू अशाच ठेवतात. जुलैच्या शेवटी मी तो बाहेर काढला तर लेन्सच्या आत, काचेला, पांढऱ्या धाग्यांचं बारीक जाळं धरलं होतं. बुरशी. सुती कापडाने महिनाभर ओल धरून ठेवली होती.

"मी तर आपल्या कपड्यांपरस जपून ठेवलो गो," आई म्हणाली.

"असू दे," मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या पॅकिंग विभागातून सिलिका जेलच्या चार पुड्या मागून आणल्या आणि कॅमेरा पोई, म्हणजे इथला पाव, ठेवायच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला. आई त्यानंतर आठवडाभर पोई कागदात गुंडाळून ठेवत होती.

लेन्स नसती तरी माझं काही अडलं नसतं. पण त्याच आठवड्यात बाबा संध्याकाळी पायरीवर बसून गुडघ्याला तेल लावत होते. त्यांनी बावीस वर्षं डिचोलीकडच्या खाणींवर ट्रक चालवला. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेलेला. तेल लावता लावताच ते आईला म्हणाले, "हें वर्स शेवटचें. फुडल्या चवथीक माटोळीचें सगळें बाजारातल्यान हाडूया. माझ्यान आता डोंगर चडूंक जायना."

आई "बरें" म्हणाली आणि भात बघायला आत गेली. मी तिथेच उभी होते.

चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर आम्ही लाकडी चौकट टांगतो आणि तिला रानातली फळं, शेंगा, पानं, फुलं, सुपारीचे घोस, नारळ बांधतो. ती माटोळी. सिंधुदुर्गात तिला माटवी म्हणतात. ज्या घरात रानात जाणारं माणूस आहे तिथली माटोळी वेगळी ओळखू येते. आमच्या वाड्यावर लोक गणपती बघायला येत आणि पाया पडून झालं की मान वर करून उभे राहत. "हें खंय मेळ्ळें?" असं कोणी विचारलं की बाबा नुसतं डोंगराच्या दिशेला हात करत.

लहानपणी ते मला सोबत न्यायचे. चतुर्थीच्या आधीचे दोन-तीन दिवस, सकाळी लवकर. माझ्या खांद्याला शाळेचीच पिशवी असे, पुस्तकं काढून रिकामी केलेली. बाबा कोयत्याने वाट करत पुढे, मी मागे. ते फारसं बोलत नसत आणि मीही नाही, त्यामुळे आमचं बरं जमायचं. झाडावरून काही खाली टाकलं की ते त्याचं नाव घेत, मी ते पिशवीत भरत असे. घरी आल्यावर मला त्यातली दोन-तीनच नावं आठवत. मी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत होते. पुस्तकात ज्या झाडांची नावं होती ती आमच्या डोंगरावर नव्हती, आणि डोंगरावर जी होती ती कुठल्याच पुस्तकात नव्हती. आठवीनंतर मी जायचं थांबवलं. क्लास असत, परीक्षा असत. बाबांनी कधी विचारलं नाही.

तर मला एक फोटो हवा होता. पूर्ण माटोळी आणि तिच्याखाली बाबा, दोन्ही एकाच चौकटीत. घरात चतुर्थीचे ढीगभर फोटो आहेत. कुठे नुसता गणपती, कुठे आम्ही मुलं ओळीने, कुठे वरच्या कडेला माटोळीची लोंबणारी दोन टोकं. बाबा एकातही नाहीत. माटोळी बांधून झाली की ते आंघोळीला जात, आणि फोटो काढेपर्यंत बाहेर कुणाशी तरी बोलत उभे असत.

मी तीन आठवडे लेन्सबद्दल वाचलं. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, जेवून झाल्यावर. आकडा जितका लहान तितकं जास्त चौकटीत मावतं, जितका मोठा तितकं लांबचं जवळ येतं. सगळे जिला स्टँडर्ड झूम म्हणतात ती चोवीस-सत्तर. मोठी, भारी, प्रत्येकाच्या यादीत पहिली. तिच्याबरोबर माझ्या मनात दुसरी एक होती, अठरा-एकशेपस्तीस. खरं सांगायचं तर माझा जीव हिच्यावर होता. हिने मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बाबांचे हात जवळून टिपू शकले असते आणि त्यांना कळलंही नसतं. त्यांना काही सांगावं लागलं नसतं. तिसरी सतरा-पन्नास. ती फार लांबचं ओढत नाही, पण अंधाऱ्या खोलीत चांगली चालते. ती मी शेवटी लिहून ठेवली होती.

म्हापशाचं कॅमेऱ्यांचं दुकान अरुंद होतं. मालक पन्नाशीचे, चष्मा कपाळावर चढवलेला. दुकानाच्या आतल्या बाजूला, कॅलेंडरखाली, त्यांचे सासरे खुर्चीत बसून पेपर वाचत होते. मी जुळवून नेलेलं वाक्य म्हटलं, की मला चोवीस-सत्तर किंवा अठरा-एकशेपस्तीस बघायची आहे.

"काय काढतलीस?" त्यांनी विचारलं.

"घरचेच फोटो."

"घरचें म्हणजे कितें? माजर, सुणें, माणसां?"

"माटोळी," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "खोली कितली?"

हे मी मोजलं होतं. आईच्या शिवणाच्या टेपने. "दहा फूट."

"देवाचें मेज?"

"तीन."

"म्हणजे तुका सात उरले. आनी त्यात तुझी पाठ." त्यांनी कॅमेरा माझ्याकडून घेतला, त्याला चोवीस-सत्तर लावली आणि मला काचेच्या कपाटाला टेकून उभं केलं. "आता माझो मांव आनी त्येच्यावयलें कॅलेंडर, दोनूय एका फोटोत घे."

मांव म्हणजे सासरे. त्यांनी पेपर खाली केला. मी कॅमेरा डोळ्याला लावला, उभा धरला, आडवा धरला. कॅलेंडर घेतलं तर सासऱ्यांचं टक्कल तेवढं खाली उरत होतं. सासरे घेतले तर कॅलेंडरातल्या देवाची नुसती पावलं.

"येना मगे," मालक म्हणाले. "ती लेन्स व्हडल्या कॅमेऱ्याची. तुझ्या कॅमेऱ्याचो सेन्सर ल्हान. लेन्स दाखवता तितलें तो घेना, चारी बाजू कापून टाकता."

मग मी अठरा-एकशेपस्तीस मागितली. तिच्यात दोघं आले, पण दुकानाच्या आतल्या उजेडात फोटो काळपट, हललेला. फ्लॅश लावू का, असं मी विचारलं.

"माटोळेर फ्लॅश मारशीत तर फळां प्लास्टिकची दिसतलीं. आनी ही इतली लांब झूम तुका कित्याक जाय?"

"दारातून काढता येईल म्हणून."

"दारात कित्याक? घर तुझेंच मगो?"

सासरे हसले. मालकांनी मग आतून एक वापरलेली सतरा-पन्नास आणली, रबराला थोडी घासलेली. मी पुन्हा कपाटाला टेकले. कॅलेंडर पूर्ण आलं, सासरे गुडघ्यांपर्यंत आले, हातातला पेपरसुद्धा आला, आणि त्यावरचा मोठा मथळा वाचता येत होता.

"झूम तुका फुडें नेता बाय," मालक म्हणाले, "पूण भिंत मागें कोण नेतलो?"

मी ती घेतली. पण बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसले तेव्हा मला जे कळलं ते कपाटाच्या काचेला टेकूनही कळलं नव्हतं. या लेन्सने दारातून काही होणार नव्हतं. बाबांचा फोटो काढायचा तर मला त्यांच्यासमोर, चार-पाच हातांवर, उभं राहावं लागणार होतं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी बाबांनी चौकट टांगली. खाली दोन गोणपाटांवर डोंगर पसरलेला होता. तेवढ्यानेच खोलीला रानाचा ओला वास आला होता. दोरी ते बाजाराची वापरत नाहीत. केवणीच्या झुडपाच्या सालीचे पट्टे काढून पाण्यात भिजवून ठेवतात, त्यांनीच बांधतात. आधी नारळ आणि सुपारीचे घोस, म्हणजे चौकटीचा तोल कळतो. मग केळी, तोरिंगं म्हणजे पपनसं, चिबूड. हलकं सगळं शेवटी, कडेकडेने.

मी भिंतीला टेकून कॅमेरा सुरू केला. बाबा स्टुलावर चढत, बांधत, उतरत. प्रत्येक वेळी उतरताना त्यांचा हात भिंतीवर जाई. पाचव्या-सहाव्या फोटोला त्यांनी वळून बघितलं.

"कितें गो तें सारखें कट कट?"

"काही नाही."

"हात मोकळे आसत तर हें धर."

मी कॅमेरा गळ्यात सोडला आणि धरलं. शेंगांची जुडी होती. मग दुसरं काही धरलं. मग मीच स्टुलावर चढले आणि ते खालून देऊ लागले. देताना नाव घेत, पूर्वीसारखंच. कवंडळ, लाल गोल. कांगलां, हळदकुंकवाच्या रंगाची, उकललेली. घागऱ्यो, ज्या शेंगा हलवल्या की आत वाजतात. मी प्रत्येक नाव मोठ्याने परत म्हणत होते, आणि एखादं चुकलं तर ते पट्टा हातातच धरून ठेवत, नीट म्हणेपर्यंत देत नसत.

"इंग्लिश शिकल्यार गांठ अशी पडटा?" एकदा ते खालून म्हणाले. "सोड ती. परत घाल."

आईने दारातून बघितलं. "आज बापूस-धुवेचें दुकान बरें चलता," ती म्हणाली आणि गेली.

बांधून झालं तेव्हा चार वाजून गेले होते. जनेलातून उजेड अजून येत होता, पण फार वेळ राहणार नव्हता. बाबांनी गोणपाटं गुंडाळली, पंचा खांद्यावर टाकला आणि आंघोळीला निघाले. दरवर्षीसारखेच.

मी भिंतीशी उभी होते. कॅमेरा सतरावर होता. घरातल्या माणसाला एक वाक्य सांगायला इतकं कठीण जावं हे कोणाला सांगितलं तर हसतील. ते दारापर्यंत पोचले.

"बाबा, जरा खाली बसता का? माटोळीच्या."

"कित्याक?"

"फोटो."

"माझो कित्याक? फाल्यां गणपती येतलो, तेन्ना काढ देवाचो."

"देवाचा काढीन. आधी तुमचा हवाय."

त्यांनी पंचा दाराच्या कडीवर टाकला. मग परत आले, स्टूल ओढून चौकटीखाली बसले आणि गुडघ्यांवर हात ठेवले, सरकारी ओळखपत्राचा फोटो काढायला बसतात तसे. अंगात मळका गंजीफ्रॉक होता. शर्ट घाला असं मी म्हटलं नाही. काचेतून बघितलं तर सगळं आलं होतं. चौकटीची चारी टोकं, लोंबणारे घोस, त्यांचे चिखलाचे पाय. मी एक काढला. ते कॅमेऱ्याकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा बंद होता, माझा फोटोत असतो तसा.

मग त्यांची नजर वर गेली. मी बांधलेल्या बाजूला एक घागरी कलली होती. ते बसल्या बसल्याच मान वर करून ती बघू लागले, किंचित तोंड उघडून, आणि हात आपोआप वर गेला. मी दुसरा काढला.

तो फोटो मी त्यांच्या मोबाइलवर पाठवला. आईने सांगितलं की कोल्हापूरच्या काकांना, मामांना, ट्रकवाल्या जुन्या सोबत्यांना, सगळ्यांना तो गेला होता.

औंदा ते म्हणाल्याप्रमाणे डोंगरावर गेले नाहीत. चतुर्थीच्या आधी आम्ही दोघं डिचोलीला माटोळीच्या बाजारात गेलो. रस्त्याच्या दोन्ही कडांना बायका रानातलं सगळं जुड्या बांधून घेऊन बसल्या होत्या. बाबा दोन-तीन जणींपुढून काही न घेता गेले. मग एका म्हाताऱ्या बाईपुढे उकिडवं बसायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही, म्हणून उभ्यानेच वाकून तिच्यासमोर मोबाइल धरला. पडद्यावर तोच फोटो होता.

"हें सगळें जाय," ते म्हणाले.

बाईने मोबाइल हातात घेऊन डोळ्यांजवळ नेला. "मदीं हो कोण?"

"तो सोड. कडेक पळे." त्यांनी दोन बोटांनी फोटो ओढून मोठा केला. गंजीफ्रॉक, हात, वर वळलेलं तोंड, सगळं पडद्याबाहेर गेलं आणि कोपऱ्यातली कांगलां तेवढी उरली. "हीं आसात?"

"आसात. ह्या वर्सा थोडीं."

"आनी हें?" त्यांनी फोटो दुसऱ्या बाजूला सरकवला. थांबले. त्या शेंगेचं नाव त्यांना चटकन आठवेना. बाई त्यांच्याकडे बघत होती.

मी त्यांच्या शेजारी वाकले आणि नाव सांगितलं. बाईने मागच्या टोपलीत हात घातला.