करंगळीची पकड

चिझुरू आणि तिची भावजय हारुमी एकमेकींशी बोलत नव्हत्या, हे सगळ्या बंदराला ठाऊक होतं. पण आयकिडो दोघींनीही सोडलं नाही. आमचा दोजो, म्हणजे सरावाची जागा, मासळी सोसायटीच्या गोदामावर आहे. बायका आम्ही मोजक्याच, त्यात या दोघींची उंची सारखी. म्हणून निशिओका सर त्यांचीच जोडी लावायचे. "भांडण चपलांपाशी ठेवून वर या," असं एकदा म्हणाले, पुन्हा विषय काढला नाही.

भांडण आईवरून झालं होतं. चिझुरूच्या म्हाताऱ्या आईचं सगळं हारुमीनं वर्षानुवर्षं केलं, आणि अगदी शेवटी तिला वृद्धाश्रमात ठेवलं. म्हातारी तिथं फार दिवस राहिली नाही. अंत्यविधीच्या दिवशी चार लोकांत चिझुरू म्हणाली, "घरात असती तर जगली असती. तूच घालवलीस तिला." हारुमी उदबत्त्या खाली ठेवून आत निघून गेली.

चिझुरू मासळीच्या वड्या तळून विकते, आणि तोंडही कढईसारखंच, सदा तापलेलं. पण मनानं वाईट नाही. मला कोलांटीची भीती वाटायची, तेव्हा अख्खा हिवाळा ती माझ्या शेजारून कोलांट्या घेत गेली.

तर या दोघी समोरासमोर गुडघ्यांवर बसायच्या, रीतीप्रमाणे वाकायच्या आणि सरावाला लागायच्या. एकीनं मनगट धरायचं, दुसरीनं ओढाताण न करता पाय मागे घेऊन अंगानिशी वळायचं, की धरणारी आपसूक तिच्यामागे वळते. धरणारीनं मात्र मनापासून धरायला हवं, आणि पकड सुरू होते करंगळीपासून.

त्या वसंतात एका संध्याकाळी चिझुरू मध्येच थांबली.

"हे काय धरणं झालं? मेलेला मासा गुंडाळल्यासारखं! राग असेल तर तोंडानं सांग, हातानं कशाला?"

सगळा दोजो थबकला. कित्येक वर्षांनी ती भावजयीशी बोलली होती.

"धरलंयच की, ताई," हारुमी म्हणाली.

चिझुरूनं खाली पाहिलं. हारुमीची बोटं तिच्या मनगटावर दाबून पांढरी झाली होती. करंगळी तेवढी बाहेर उभी होती, थरथरत. कपडे बदलताना हारुमीला पट्ट्याची गाठ सुटेना, तेव्हा चिझुरूनंच वाकून ती सोडवली.

"केव्हापासून आहे हे?"

"थंडी पडली तेव्हापासून. कुणाला सांगू नका, तुमच्या भावालाही."

"का?"

"शेडवर कळलं तर काम जाईल."

हारुमी मोत्यांच्या शेडवर कामाला होती. शिंपला जरासा उघडून, ज्याभोवती मोती धरतो तो मणी आत बसवायचा, म्हणजे सगळा खेळ बोटांचा.

"काम जाईल म्हणून हात घालवतेस? अक्कल शिंपल्यात ठेवून आलीस का?" चिझुरू खेकसली, आणि दुसऱ्याच दिवशी कढई बंद ठेवून तिला आपल्या गाडीत घालून मात्सुयामाच्या इस्पितळात घेऊन गेली. मानेत नस दबून करंगळीतला जोर गेला होता. ऑपरेशन करावं लागलं.

त्या दिवसांतली गोष्ट हारुमीनंच मला सांगितली. चिझुरू रोज वड्या घेऊन यायची, उशाशी बसायची, इस्पितळाच्या जेवणाला नावं ठेवायची. एके दुपारी अचानक म्हणाली, "आईला तू एकटीच उचलायचीस ना? अंघोळीला वगैरे?"

"आणखी कोण उचलणार?"

"मानेचं हे त्यामुळंच झालं का?"

"डॉक्टर तसं म्हणाले नाहीत."

चिझुरूनं वड्यांचा डबा बंद केला. मग म्हणाली, "त्या दिवशी मी बोलले ते चुकलं."

"हो, चुकलंच," हारुमी म्हणाली. "फार लागलं मला ते." आणि दोघी रडल्या. नर्स धावत आली, तिला वाटलं जखम दुखतेय.

करंगळी पूर्ण बरी झाली नाही. मणी बसवण्याचं काम गेलंच, पण शेडवाल्यांनी तिला मोती निवडायला बसवलं. दोजोत ती परत आली. आता पडायला मनाई, म्हणून ती नुसती मनगट धरून वळण्याचा सराव करते. चिझुरू तिच्यासमोर मनगट पुढं करून उभी असते आणि ओरडते, "आवळ! अजून आवळ! वडी फुटेल म्हणून जपून धरतेयस का?"

"ताई, हळू बोला. सर बघताहेत."

"बघू देत."

डॉक्टरांनी पकडीचा व्यायाम रोज करायला सांगितलाय. म्हणून सकाळी कढई चढवण्याआधी चिझुरू भावाच्या घरी जाते. ओट्यापाशी उभ्या उभ्या हारुमी तिचं मनगट धरते, सोडते, पुन्हा धरते. भाऊ मुळातच अबोल. तो बहिणीसाठी तिसऱ्या वाटीत भात वाढतो आणि वर्तमानपत्रात डोकं घालतो.